झिरो एरर

कागद एकवीस प्रश्नांचा, पाठपोट.
वर छापलंय: गेल्या दोन आठवड्यांत.
प्रत्येकाखाली चार चौकटी, शून्य ते तीन.
'मी उदास असतो / असते.
लागू नसेल ते खोडा.'
आम्ही बावड्याच्या बायका
मी आलो, मी गेलो असंच बोलतो.
काय खोडू?

सीपीआरच्या त्या खोलीत पेनसुद्धा सुतळीनं बांधलेलं.
मुजावर मॅडम म्हणाल्या,
यात बरोबर-चूक काही नसतं, पद्मजाताई.
मला हसू आलं.
सोळा वर्षं मी शिरोलीत कास्टिंग तपासतो.
दिवसाला दोनशे हाउसिंग हाताखालून जातात,
पिवळा ठिपका रिवर्क, लाल ठिपका भंगार.
बरोबर-चूक सोडून
तिथं दुसरं काही नसतंच.

थकवा? शून्य.
परवा रात्री अडीचला मांडणी रिकामी केली,
चिंच लावून सगळं पितळ घासलं,
लावलं, परत काढलं, परत घासलं.
तोंडात एकोणतिसाचा पाढा, कुणी विचारला नव्हता,
आणि डोळ्यांतनं पाणी, एकसारखं,
हाताला चिंच म्हणून पुसताही येईना.
सकाळी जाऊ म्हणाली,
बगा की, हिला म्हणे उदासी!
घर कसं आरशागत केलंय.

कामात रस? दोन. नाही, शून्य.
दोन आणि शून्य.
एकाच चौकटीत खूण करा, असं खाली लिहिलंय.

नववा प्रश्न शेवटी ठेवला.
केएमटी पंचगंगेच्या पुलावर येते
तेव्हा मी खिडकीजवळ बसत नाही.
ही चौकट कुठली?

बेरीज चौदा.
सौम्य, असं कागदच सांगतो.

मग मी मॅडमना बोअरचं सांगितलं.
भोक गोल दिसतं. मापलं, तर एकीकडून जास्त भरतं,
नव्वद अंशांत फिरवून घेतलं की कमी.
दोन्हीची सरासरी काढा:
ड्रॉइंगवर आहे तेवढीच, बिनचूक.
आणि जॉब रिजेक्ट.
बेअरिंग बसतच नाही त्यात.
एकाच बाजूनं मापून पास केलेला माल
गिऱ्हाईक परत पाठवतं, वर दंड लावतं.

त्या लिहायच्या थांबल्या.
ड्रॉवरमधनं दुसरा कागद काढला.
विचार पळतात, धरता येत नाहीत.
झोप कमी, तरी अंगात वारं.
समोरचा बोलतोय तोवर मीच बोलून मोकळी.
क्षुल्लक कारणानं राग.
मी भराभर खुणा करत गेलो, तीन, तीन, दोन, तीन,
सुतळी ताणली, टेबलावरचा स्टेपलर पडला.
दोन्ही कागद त्यांनी शेजारी ठेवले.
एकावर एक नाही. शेजारी.

पण मॅडम, एक राहिलं.
व्हर्नियरचे जबडे पुरते मिटले
की शून्यावर शून्य यायला पाहिजे.
नाही आलं तर जेवढं चुकतं
तेवढं प्रत्येक मापातनं धरायचं.
इथं मापायचं मला, आणि व्हर्नियरही मीच.
मी मिटलो की कितीवर असतो,
कुणी बघितलंय?
सातवीत? लग्नाआधी? मला तर आठवत नाही.

बराच वेळ फक्त पंखा.
मग म्हणाल्या, दर बुधवारी या,
हीच वेळ, हेच दोन कागद.
चुकीचं असलं तरी एकच व्हर्नियर वापरलं,
तर कमी झालं की वाढलं
ते कळतं न्हवं?

सोळा वर्षं हेच काम, आणि हे मला सुचू नये.

दारापर्यंत जाऊन परत आलो.
पेन घेतलं, 'असते' खोडलं.
एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत.
मॅडमनी हात धरला नाही.
फक्त म्हणाल्या,
हेपण लिहून ठेवू का?